मेन्यूवर कॅलरी दिसतात, मीठ दिसत नाही!

अंधेरी स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीवर कॅलरी लिहिलेल्या नसतात. मॉलमधल्या साखळी रेस्टॉरंटच्या बर्गरपुढे असतात. असं का? ‘एफएसएसएआय’च्या २०२०च्या नियमांनुसार केंद्रीय परवाना किंवा १० वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्यांनाच मेन्यूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी द्याव्या लागतात. १ जुलै २०२२ ही त्यासाठीची मुदत होती. (वडापाववाल्याच्या १० शाखा झाल्या, तर त्यालाही सुटका नाही!)

हा आकडा एका सर्व्हिंगचा असतो. पिझ्झाचं सर्व्हिंग म्हणजे अख्खा पिझ्झा की एक तुकडा, हे शेजारच्या वजनावरून ताडून पाहा. तुलनेसाठी प्रौढ व्यक्तीची दिवसाची सरासरी गरज २००० किलोकॅलरी धरली आहे.

पण घरात कुणाला बीपी असेल, तर कमी कॅलरीचं सूप बघून निश्चिंत होऊ नका. मिठात कॅलरी नसतातच. त्यासाठी काउंटरवर सोडियमचा आकडा विचारा.