वादळाची वर्दी

वादळ यावयाचे असले की त्याची वर्दी आज आकाशवाणीवरून व खिशातील फोनवरूनही घरबसल्या मिळते. यांपैकी काहीच नव्हते, तेव्हा दर्यावर्दी माणसास सावध कोण करीत असे? या प्रश्नाचा मागोवा घेत आम्ही आज क्यूबा बेटावरील हवाना शहरी, येशूसंघीयांच्या बेलेन महाविद्यालयात जाणार आहोत.

तेथील वेधशाळेचे प्रमुख म्हणून १८७० साली फादर बेनितो विन्येस आले. ते मूळचे स्पेनमधील कॅटलोनियाचे. वायुभारमापकातील पारा, वाऱ्याची दिशा आणि स्वतःचे डोळे हीच त्यांची मुख्य साधने. वादळ शेकडो मैल दूर असतानाच आकाशात फार उंचावर पिसांसारखे पातळ ढग पसरतात व त्यांचे पट्टे क्षितिजावरील एकाच बिंदूतून पंख्याच्या काड्यांप्रमाणे फाकलेले दिसतात, हे त्यांनी हेरले. तो बिंदू ज्या दिशेस, त्याच दिशेस वादळाचे केंद्र. आणि बिंदू जिकडे सरके, तिकडे वादळाची वाट. वारा पडलेला असता येणाऱ्या लांब लाटा व उतरता पारा यांची जोड मिळाली की अनुमान पक्के होई.

११ सप्टेंबर १८७५ रोजी फादर विन्येस यांचा इशारा प्रसिद्ध झाला. दोन दिवसांनी वादळ क्यूबावर आलेच. आणि १६ तारखेस त्याने टेक्सासच्या किनाऱ्यावरील इंडियनोला हे बंदर उद्ध्वस्त केले. पुढे इतर बेटांवरील निरीक्षकांच्या तारा हवानास येऊ लागल्या. तिकडे फिलिपाइन्समध्ये मनिला वेधशाळेचे फादर फेदेरिको फाउरा यांनीही ७ जुलै १८७९ रोजी आपला पहिला इशारा दिला.

परंतु वर्दी देणारा असून भागत नाही. ऐकणारा कानही लागतो. फादर विन्येस १८९३ साली निवर्तले. त्यानंतर पाच वर्षांनी क्यूबा अमेरिकेच्या ताब्यात गेले. हे क्यूबाचे लोक उगाच भय पसरवितात, असा अमेरिकेच्या हवामान खात्यातील वरिष्ठांचा ग्रह होता. १९०० च्या ऑगस्टअखेर क्यूबातून हवामानाच्या तारा पाठविण्यास बंदी झाली. सप्टेंबरच्या आरंभी एक वादळ क्यूबावरून गेले. ते मेक्सिकोच्या आखातातून टेक्सासकडे जाईल, असे हवानाच्या निरीक्षकांचे मत. ते अटलांटिक किनाऱ्याकडे वळेल, असे खात्याचे. ८ सप्टेंबरला ते टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन शहरावर कोसळले. आदल्या दिवशी तेथे वादळाचा बावटा चढला होता. पण केवढे अरिष्ट येत आहे, याची कल्पना लोकांस नव्हती. शहराचा सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून नऊ फुटांहूनही कमी, आणि पाणी पंधरा फुटांवर चढले. निदान सहा हजार माणसे त्या एका रात्रीत गेली. कित्येक जण हा आकडा आठ हजारांवर नेतात.

त्या तारा पोहोचल्या असत्या तर सर्वच वाचले असते, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु जाणत्याचे बोल केवळ तो परका म्हणून, किंवा ते अप्रिय म्हणून, अडविले गेले एवढे खरे.

आपल्याकडेही कलकत्ता बंदरासाठी १८६५ पासून वादळाचे इशारे देण्यास प्रारंभ झाला. १८६४ च्या भीषण वादळाने तो धडा शिकविला होता. आज मुरगाव बंदरातही धोक्याचे क्रमांक दर्शविणारी खूण चढते. कधी खूण चढते आणि वादळ दुसरीकडे वळते. मग लोक म्हणतात, "पाहा, उगाच घाबरविले!" बंधुभगिनींनो, असे म्हणू नये. होडी एक दिवस वाळूवर राहिली तर एका दिवसाची मासळी जाते. इशाऱ्यास हसण्याची सवय जडली तर घरचा कर्ता पुरुष जातो. खूण चढली की जाळे गुंडाळावे, होडी वर ओढावी, आणि शेजाऱ्याच्या दारावर थाप मारून त्यालाही सांगावे.