तेजी कोणाची, जोखीम कोणाची?



परदेशी व्यापार वाढला की देशाची संपत्ती वाढते, हे वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षी आम्ही शिकलो. ते खोटे नाही. परंतु वाढलेली संपत्ती कोणाच्या घरी किती जाते, याचे उत्तर त्या सिद्धांतात नसते. त्यासाठी वही उघडावी लागते. आज आपल्याच मुलखातील एक जुनी वही उघडू या.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तोवर इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग अमेरिकेतून येत असे. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरणीमालकांची नजर मुंबईकडे वळली. कापसाचे भाव काही पटींनी चढले. मुंबईत पैशाचा असा पूर आला की, समुद्र हटवून जमीन काढू पाहणाऱ्या बॅकबे कंपनीच्या समभागांवर सट्टा चालू झाला. या तेजीचे अग्रणी होते शेठ प्रेमचंद रायचंद. त्यांच्या देणगीतून उभा राहिलेला, मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर आजही विद्यापीठाच्या आवारात आहे. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईतील अनेक नामवंत पेढ्या बुडाल्या. प्रेमचंद शेठही त्यातून सुटले नाहीत.

हा भाग आपल्या घरांत आवडीने सांगितला जातो. पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही.

तेजीच्या काळात दख्खनच्या गावांत सावकार सढळ हाताने उचल देत होते. काही मोजके शेतकरी सुखवस्तू झाले. पुष्कळांच्या वाट्याला मात्र कर्जच आले. भाव उतरताच उचल बंद झाली आणि वसुलीचा तगादा सुरू झाला. त्याच सुमारास सरकारने शेतसाऱ्याची फेरआकारणी करून सारा वाढविला. रयतेच्या रक्षणासाठी १८५९ मध्ये मुदतीचा कायदा झाला होता. त्यानुसार कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांची ठरली. परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहिला जाई आणि थकलेले व्याज मुदलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज चढे. अंगठा उठविणाऱ्याला आकडा वाचता येत नव्हता.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी उठाव झाला. तो अहमदनगर जिल्ह्यातही पसरला. सावकारांच्या जिवावर लोक क्वचितच उठले. त्यांचा रोख होता तो वह्यांवर आणि कर्जरोख्यांवर. त्या जाळल्या गेल्या. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. रोख्यावरील आकडा प्रमाण न मानता मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयांना दिला.

त्या सावकारांत मारवाडी आणि गुजराती व्यापारी बहुसंख्य होते. तुमच्या-माझ्या पूर्वजांपैकी कोणी त्यांत असेलही. त्यांना सरसकट खलनायक ठरविणे न्यायाचे होणार नाही. सरकार सारा रोखीत मागत होते आणि गावचा सावकार स्वतः मोठ्या पेढीचा देणेकरी होता. पण एक गोष्ट मान्य करावीच लागेल. लिव्हरपूलच्या बाजारात भाव पडला, तेव्हा प्रत्येकाने आपला तोटा खालच्या पायरीवर ढकलला. शेवटच्या पायरीवरील माणसाला ढकलायला कोणीच उरले नव्हते.

नोकरीत असताना कापसाच्या एका बाजारगावी मी कर्जविभाग सांभाळत होतो. एकाच टेबलावर दोन प्रकारची प्रकरणे येत. निर्यातदाराच्या प्रकरणात परदेशी बँकेचे पतपत्र असे, मालाचे पैसे बुडू नयेत म्हणून निर्यात पतविमा असे आणि डॉलर घसरला तरी नुकसान होऊ नये म्हणून वायदा करार असे. दुसरे प्रकरण पीककर्जाचे. पावसासाठी विमा होता, भावासाठी नव्हता. हमीभाव जाहीर झालेला असे. पण ज्याला आजच रोकड हवी, तो खरेदी केंद्राच्या रांगेत किती दिवस थांबणार?

एका वयस्क शेतकऱ्याने मला विचारले होते, “साहेब, शेठजींच्या डॉलरला बंदोबस्त आहे, माझ्या कापसाला का नाही?” मी म्हणालो, “काका, तशी तरतूद नाही.” उत्तर नियमाला धरून होते. निवृत्त होऊन वर्षे लोटली, तरी ते मनात सलते.

व्यापार थांबवून विषमता मिटणार नाही. निर्यात बंद झाली की पहिला फटका पुन्हा उत्पादकालाच बसतो. प्रश्न जोखमीच्या वाटणीचा आहे, आणि तेथे आपल्या हातात काही आहे. शेतकऱ्याशी आगाऊ सौदा करताना किमान भाव लेखी ठरवावा. भाव त्याच्या वर गेला तर फरकातील ठरावीक हिस्सा त्याला द्यावा. उचलीवरील व्याजाचा हिशेब त्याला समजेल अशा भाषेत हाती द्यावा, आणि कोऱ्या कागदावर सही कधीही घेऊ नये. यात दानधर्म नाही. पुढच्या हंगामातही माल आपल्याच दारी यावा, यासाठीची ती साधी व्यवहारनीती आहे.

येत्या दिवाळीत वहीपूजन करताना नव्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढण्यापूर्वी गतवर्षीची पाने एकदा चाळावीत. भाव पडले तेव्हा तोटा कोणाच्या खाती गेला, तेवढे पाहावे.