समुद्राकाठी दोन दिवस, गाडी घेऊन

मैत्रिणींनो, सांगलीहून एका भगिनींचं पत्र आलं आहे. लेक-जावई फ्रान्समध्ये, ल्यों शहरात असतात. मे महिन्यात हे दोघं नवरा-बायको तिकडे जाणार आणि तिथून पुढे इटलीला. मधे दोन दिवस मोकळे आहेत. यजमान निवृत्त झालेले, पण गाडी चालवण्याची हौस दांडगी. त्यांनी नकाशावर पेन्सिलीनं रेघ ओढून ठेवली आहे: मार्सेय ते जिनोव्हा, भूमध्य समुद्राच्या काठाकाठानं, भाड्याच्या गाडीतून. भगिनी लिहितात, "मला घाटात गाडी लागते आणि दरी दिसली की पोटात गोळा येतो. नको म्हटलं तर यांचा विरस होईल. काय करू?"

जा हो, जरूर जा! फक्त ती रेघ आखूड करून घ्या.

मार्सेय ते जिनोव्हा हमरस्त्यानंच सुमारे ४०० किलोमीटर भरतं, आणि तो रस्ता बराचसा डोंगरातून, बोगद्यांतून जातो. काठाकाठानं जायचं म्हटलं तर दोन्ही दिवस गाडीतच जातील. त्यापेक्षा नीस ते माँतों एवढाच तुकडा घ्या. अवघे तीस किलोमीटर. आपल्याकडे बाजाराला जाऊन येतो तेवढं अंतर, पण दिवस पुरत नाही असा समुद्रकिनारा. मुक्काम एकाच ठिकाणी ठेवा. नीसला लागूनच व्हिलफ्रांश नावाचं छोटं गाव आहे, तिथे किंवा पुढच्या बोल्यूला खोली घ्यावी. मात्र गाडी ठेवायची सोय आहे का, हे आधी विचारून घ्यायचं. नीस शहरात गाडी उभी करायला जागा शोधणं म्हणजे डोक्याला ताप. रोज बॅगा भरा, उघडा, पुन्हा भरा, हे काम शेवटी कोणाच्या वाट्याला येतं ते मी सांगायला नको.

या तीस किलोमीटरांत डोंगराच्या अंगावर एकावर एक असे तीन रस्ते आहेत. खालचा समुद्राला लागून गावागावांतून जातो. मधला एझ या डोंगरमाथ्यावरच्या जुन्या गावाला जातो. हे गाव समुद्रापासून चारशेहून अधिक मीटर उंच. आणि सगळ्यात वरचा, रोमन लोकांच्या जुन्या वाटेला धरून नेपोलियनच्या काळात बांधलेला. हिचकॉकच्या १९५५ सालच्या 'टू कॅच अ थीफ' चित्रपटात ग्रेस केली याच डोंगरात भरधाव गाडी हाकते. पुढे ती मोनॅकोची राणीसाहेब झाली, आणि १३ सप्टेंबर १९८२ ला वरच्या ला तुर्बी गावाकडून मोनॅकोला उतरताना वळणावर तिची गाडी खाली कोसळली. दुसऱ्या दिवशी ती गेली. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. पण यजमानांनी सगळ्यात वरच्या रस्त्याचा हट्ट धरला तर तुमच्या हाताशी असावं.

आता एक युक्ती नीट ध्यानात ठेवा. तिकडे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात आणि चालकाची जागा डावीकडे असते. म्हणजे तुम्ही उजवीकडे बसणार. नीसकडून माँतोंकडे जाताना समुद्र उजव्या हाताला, अगदी तुमच्या खिडकीशी. म्हणून जाताना खालचा रस्ता घ्या. तिथे खिडकीखाली दरी फारशी नाही, समुद्रच आहे. परत येताना मधला रस्ता. आता तुमची बाजू डोंगराची, दरी पलीकडच्या अंगाला, मधे समोरून येणाऱ्या गाड्यांची पट्टी. उलट दिशेनं मधल्या रस्त्यानं गेलात तर कडा नेमका तुमच्या कोपराखाली येईल!

गाडी लागू नये म्हणून पुढच्याच सीटवर बसा, नजर दूर ठेवा, सकाळी पोटाला हलकं खा, पर्समध्ये आलेपाक ठेवा. गोळी घ्यायची तर इथेच डॉक्टरांना विचारून घ्या. त्या गोळीनं झोप येते, तेव्हा यजमानांना चुकूनही देऊ नका. आणि रस्ता दाखवायचं काम अंगावर घेऊ नका. मोबाईलमध्ये मान घालून नकाशा वाचत बसलात की हमखास मळमळणार. नकाशा आदल्या रात्रीच मोबाईलमध्ये उतरवून घ्या, तो बोलेल तसं जायचं.

गाडीचं थोडं. आपल्या लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो आपल्याच आर. टी. ओ.त मिळतो आणि वर्षभर चालतो. अनामत रक्कम सहसा जो चालवणार त्याच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. जावयांचं कार्ड चालेल असं धरून विमानतळाच्या खिडकीवर जाऊन उभं राहू नका. बिनगिअरची गाडी हवी असेल तर नोंदवतानाच स्पष्ट सांगा. फ्रान्समध्ये घेतलेली गाडी इटलीत सोडायची तर जादा पैसे भरपूर पडतात, म्हणून ल्योंहून नीसपर्यंत आगगाडीनं या, गाडी नीसलाच घ्या आणि तिथेच परत करा. दिव्यांची दांडी आपल्या गाडीत बहुधा उजवीकडे असते, तिकडे डावीकडे. पहिला तासभर वळणावर दिवा लागण्याऐवजी काच पुसली जाईल. हसा आणि सोडून द्या. गोल चौकात आतल्या गाड्यांना आधी जाऊ द्यायचं आणि उजवीकडूनच शिरायचं. पंपावर 'गाझोल' लिहिलेलं असतं ते डिझेल. ते पेट्रोलच्या गाडीत गेलं तर सहल तिथेच संपली.

पहिल्या दिवशी सकाळी निघा. व्हिलफ्रांशच्या धक्क्यावर थांबा, बोल्यूला थांबा. मोनॅको गाडीतूनच बघा. अख्खा देश दोन चौरस किलोमीटरांचा, आणि तिथली दुकानं आपल्यासाठी नाहीत. दुपारी माँतों. हे लिंबांचं गाव. फेब्रुवारीत तिथे लिंबांचा उत्सवच भरतो. दुपारचं जेवण मात्र बारा ते दोनच्या आत उरकायचं. त्यानंतर बऱ्याच खाणावळींची चूल बंद होते, ती संध्याकाळी सातलाच पेटते. पिशवीत दशम्या असतील तर बरं. संध्याकाळी परतताना एझला थांबा. गावात गाडी जात नाही, चढ आहे. गुडघे कुरकुरत असतील तर खालच्या चौकातच बसावं.

दुसऱ्या दिवशी गाडीला विश्रांती. किनाऱ्यालगत आगगाडी धावते, तिनं नीसला जा. यजमानांनाही त्या दिवशी समुद्र दिसेल. आदल्या दिवशी त्यांना नुसती वळणं दिसलेली असणार. जुन्या नीसमध्ये कूर सालेयाचा फुलांचा आणि भाजीचा बाजार आहे. सोमवार टाळा, त्या दिवशी तिथे जुन्या वस्तू मांडतात. आणि तिथला 'सोका' खाच. चक्क आपलं बेसनाचं धिरडं! डाळीचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्हचं तेल. तांब्याच्या भल्यामोठ्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजतात आणि वरून मिरपूड. मासळी नाही, अंडं नाही. फक्त हिरवी मिरची नाही म्हणून आपल्याला जरा मुकं वाटतं. 'पिसालादिएर' मात्र दिसायला नुसती कांद्याची भाकरी, पण त्यावर खारवलेली बारीक मासळी असते. 'पाँ बान्या'त ट्यूना मासा किंवा तीच बारीक मासळी. शाकाहारी असाल तर विचारून घ्या.

नीसचा किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. अनवाणी दोन पावलं टाकवत नाहीत, तेव्हा जुन्या रबरी चपला बरोबर असू द्या. गाडी उभी करून जाताना सीटवर पर्स, पिशवी काही ठेवू नका. पासपोर्ट तर अंगावरच. आणि माँतोंहून लिंबाच्या मुरंब्याची बाटली घेतलीत तर ती हातातल्या पिशवीत ठेवू नका, विमानतळावर काढून घेतील. मोठ्या बॅगेत, जुन्या साडीत गुंडाळून घाला.