रक्त कमी आहे, पण का कमी आहे?

उमरेड तालुक्यातल्या एका वस्तीत मागच्या पावसाळ्यात सहा महिन्यांची गरोदर बाई भेटली. हिमोग्लोबिन साडेसहा, म्हणजे तीव्र ॲनिमिया. कार्डावर शेरा एकच : "आहार कमी, गोळ्या घेत नाही." सासू म्हणाली, "गोळ्या त घेतेच ना जी ताई. पण घडीघडी थंडी वाजून ताप येते, अन् डाव्या बाजूले पोटात गोळा लागते." जुनी माणसं याला पाणथरी वाढली म्हणतात. तो गोळा कोणी हात लावून तपासलाच नव्हता.

पाणथरी म्हणजे प्लीहा. वारंवार मलेरिया झाला की ती फुगते आणि रोगट पेशींसोबत चांगल्या तांबड्या पेशीही मोडते. गरोदरपणात रक्ताची गरज वाढलेली असते, तेव्हाच ही गळती सुरू राहते. फाल्सिपेरमचे जंतू तर वारेत दडून बसतात; बोटाच्या रक्तात सापडतीलच असं नाही. अशा बाईला नुसती लोहाची गोळी देणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

विदर्भात आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो, सिकलसेलचा. त्यातही प्लीहा वाढते. मध्य भारतातल्या सिकलसेलवर नागपूरच्या डॉक्टरांनी 1958 मध्येच लिहिलं. आदिवासींप्रमाणेच तो आपल्या बौद्ध समाजातही आहे. 2023 च्या राष्ट्रीय अभियानाचा भर मात्र आदिवासी भागांवर. आदिवासींना मिळतं ते मिळालंच पाहिजे, उलट जास्त मिळालं पाहिजे. पण बौद्ध वस्ती त्या नकाशात का नसावी?

'आहार कमी' हा शेरा निरुपद्रवी नाही. त्यात दोष बाईवर जातो; तुंबलेली नाली, न झालेली फवारणी, न झालेली तपासणी, सगळं सुटतं. 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी गरोदर बाईची विश्रांती हा राष्ट्रहिताचा प्रश्न ठरवला होता, घरगुती कटकट नव्हे. कोळसा खाणीच्या या गावात तरी ते आठवावं.

आपणही धुतल्या तांदळाचे नाही. जयंतीच्या डीजेची वर्गणी आठ दिवसांत जमते. सिकलसेल तपासणीला पोरं "लग्न मोडते" म्हणून येत नाहीत. गोळीनं मूल काळं होतं, हेही आपल्याच घरात ऐकलंय.

येत्या ग्रामसभेत एवढंच मागा : गरोदर बाईला ताप आला की त्याच दिवशी मलेरियाची तपासणी, पहिल्याच नोंदणीत सिकलसेलची चाचणी, पोटाला हात लावून प्लीहेची नोंद. आणि कार्डावर 'रक्त कमी' याच्या पुढे कारणाचा रकाना. तो कोरा राहिला, तर खाली सही कोणाची आहे ते वाचून दाखवा.