वीज लागतच नाही म्हणे!

परवा आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. मी म्हटलं, गच्चीच्या कठड्यावरचे आणि कंपाऊंडचे दिवे रात्री अकराला बंद करूया. सेक्रेटरी माझाच जुना विद्यार्थी. हसून म्हणाला, "बाई, एलईडी आहेत ते. त्यांना वीज लागतच नाही!"

सगळे हसले. मला मात्र झिरोचा बल्ब आठवला. आठवतोय ना? देवघरात, बाळंतिणीच्या खोलीत रात्रभर जळायचा तो. नाव झिरो, म्हणून घरोघरी समज असा, की त्याला वीज शून्य लागते. प्रत्यक्षात तो बहुधा १५ वॅटचा असे. म्हणजे आज ज्या ९ वॅटच्या एलईडीवर आपण अख्खी खोली उजळतो, त्याहून जास्त वीज खाऊन तो नुसता मिणमिणायचा. नावाला भुलायची आपली खोड जुनीच.

मी मराठी आणि इतिहास शिकवला, गणित नव्हे. पण चौथीचा गुणाकार येतो. घरी येऊन कागदावर मांडला. पूर्वी सोसायटीत ६० वॅटचे चार पिवळे बल्ब होते. वॉचमनकाका साडेसहाला लावायचे, अकराला बंद करायचे. २४० वॅट, साडेचार तास, म्हणजे दिवसाला सुमारे १.१ युनिट, महिन्याला ३२. आता ९ वॅटचे चाळीस दिवे, संध्याकाळी सहा ते सकाळी सहा. ३६० वॅट गुणिले बारा तास, दिवसाला ४.३ युनिट, महिन्याला जवळजवळ १३०. चौपट! आणि हे सगळं "पर्यावरणपूरक" असा ठराव करून.

माझा एलईडीवर राग नाही, गैरसमज नको. उजाला योजना ५ जानेवारी २०१५ ला सुरू झाली. तिच्यातून ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले, पुढे तर ७० रुपयांना बल्ब मिळू लागला. मीही घरातले सगळे बदलले. ६० वॅटच्या जागी ९ वॅट, हे सोनंच आहे. ज्या निळ्या एलईडीमुळे पांढरा उजेड शक्य झाला, त्याबद्दल तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल मिळालं, ते काही उगीच नाही. त्याआधीच्या सीएफएलमध्ये तर पारा असायचा. माझ्या कपाटात बुटाच्या खोक्यात असे सात मेलेले दिवे अजून पडून आहेत, कारण घंटागाडीत टाकायला मन धजत नाही. (कुणाला ते कुठे द्यायचे ठाऊक असेल तर सांगा. खरंच विचारतेय.)

राग आहे तो या हिशेबावर, की दिवा स्वस्त झाला म्हणून दहा लावायचे. बचत झाली ती कुठे गेली मग? कठड्यावर गेली. बकुळीला गुंडाळलेल्या माळेत गेली. त्या बकुळीवरचा दयाळ हल्ली रात्री दोनला शीळ घालतो. त्याला वाटतं उजाडलं. चंद्रपूर, कोराडीला कोळसा जळतो तो दिवा कुठला आहे हे विचारून जळत नाही. कोळशाच्या एका युनिटमागे जवळजवळ एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, मग ते युनिट पिवळ्या बल्बने खाल्लेलं असो की एलईडीने.

"पण काकू, चोर?" असं शेजारची सूनबाई म्हणाली. मान्य. मग जिन्यात, गेटापाशी सेन्सरचे दिवे लावा. माणूस आला की लागतील, गेला की विझतील. वारंवार चालू-बंद केल्याने सीएफएल लवकर जायचे, एलईडीला त्याचं काही वाटत नाही. कठड्यावरून कुठला चोर येतो तेवढं मला दाखवा.

मी रॉकेलच्या कंदिलाची काच राखेने पुसून अभ्यास केलेली बाई आहे. अंधाराचं कौतुक मला कुणी सांगू नये. २००५ नंतरच्या भारनियमनात परीक्षेच्या दिवसांत पोरं मेणबत्तीवर वाचत होती, तेही पाहिलंय. म्हणूनच कुणी बघत नसलेला कठडा रात्रभर उजळलेला मला बघवत नाही.

असो. ठराव पडला. माझ्या बाजूने तिघं. गुणाकाराचा कागद मी नोटीस बोर्डावर टाचणीने लावून आलेय, पुढची मीटिंग पुढच्या महिन्यात आहे. आत्ता रात्रीचे सव्वाअकरा झालेत. खिडकीतून मोजले. चाळीसही चालू आहेत.