घड्याळ राहू द्या, वेळापत्रक बदला

युरोप-अमेरिकेत वर्षातून दोनदा घड्याळाचे काटे फिरवतात. उन्हाळा लागताना एक तास पुढे, थंडी पडू लागताना एक तास मागे. ज्यांची मुले-नातवंडे न्यू जर्सीला आहेत त्यांना हा प्रकार चांगला ठाऊक असतो. उन्हाळ्यात तिकडचे घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे, तर नोव्हेंबर लागला की साडेदहा तास. आजी ठरल्या वेळी फोन लावते आणि तिकडे सगळे झोपलेले असतात!

आता तिकडचे लोकच या खेळाला कंटाळले आहेत. युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये जनमत अजमावले तेव्हा ४६ लाख उत्तरे आली आणि त्यांतल्या ८४ टक्के लोकांनी ‘हे बंद करा’ असे सांगितले. २०१९ मध्ये युरोपच्या संसदेनेही तसा कौल दिला. पण सदस्य देशांचे एकमत काही झाले नाही. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सिनेटने विधेयक मंजूर केले, ते पुढच्या सभागृहात अडले.

आपल्याला याचे काय, असे पाचोडच्या पारावर कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. लंडनला उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांचा आणि हिवाळ्यातला सर्वांत लहान आठ तासांहूनही कमी. आपल्याकडे मोठ्यात मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, लहानात लहान अकरा तासांचा. एवढ्याशा फरकासाठी काटे फिरवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानचे घड्याळ एक तास पुढे ठेवले होते. युद्ध संपले आणि काटे मागे आले.

तरीही घड्याळाचा वाद आपल्याला नवा नाही. १ जानेवारी १९०६ पासून देशभर एकच प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्यामागे ३९ मिनिटे. मुंबईकरांनी ही नवी वेळ सहजासहजी स्वीकारली नाही. गिरणी कामगारांनी निषेध केला, आणि महापालिकेने तर १९५५ पर्यंत ‘बॉम्बे टाइम’ सांभाळला. कामावर भल्या पहाटे जाणाऱ्याला ३९ मिनिटांचा अंधार काय असतो ते कळते. हुकूम काढणाऱ्याला कळतेच असे नाही.

हा मुद्दा आजही शिळा झालेला नाही. संध्याकाळची वीज वाचावी म्हणून आपली प्रमाणवेळ कायमची अर्धा तास पुढे न्यावी, अशी सूचना बेंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतल्या अभ्यासकांनी केली होती. हेतू चांगला आहे. ईशान्येकडच्या राज्यांची अडचणही खरी आहे; तिकडे हिवाळ्यात दुपारी साडेचार-पाचलाच अंधारून येते. आसामच्या चहामळ्यांनी म्हणूनच तासभर पुढची ‘बागान वेळ’ पाळली. पण पाचोडला सूर्य आताच प्रमाणवेळेपेक्षा जवळजवळ अर्धा तास उशिरा येतो. जानेवारीत सात वाजून गेल्यावर उजाडते. काटे आणखी अर्धा तास सरकवले, तर सातची शाळा आणि पहिली एसटी दोन्ही काळोखात. रशियाने २०११ मध्ये कायमची उन्हाळी वेळ स्वीकारून पाहिली. हिवाळ्यातल्या अंधाऱ्या सकाळींनी लोक वैतागले आणि २०१४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. शहाण्याने दुसऱ्याच्या ठेचेवरून शिकावे.

खरे तर ऋतूनुसार वेळ बदलण्याची आपली स्वतःची रीत आहे, आणि ती युरोपपेक्षा शहाणपणाची आहे. मार्च तापू लागला की मराठवाड्यातल्या शाळा सकाळच्या होतात. मजूर उजाडताच रानात जातात आणि दुपारी झाडाखाली टेकतात. घड्याळाला कुणी हात लावत नाही, फक्त काम सोयीच्या वेळी सरकवले जाते. २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला, तोही याच वाटेवरचा. लेकरांची झोप पुरी व्हावी म्हणून देशाचे घड्याळ हलवावे लागले नाही.

मग ज्यांचे वेळापत्रक सर्वांत वाईट आहे, त्यांच्यासाठी हाच न्याय का नको? शेतीपंपाला काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज, ही पाळी शेतकरी वर्षानुवर्षे सोसत आला आहे. युरोपातला माणूस वर्षातून दोनदा तासभर झोप इकडेतिकडे झाली म्हणून तक्रार करतो, आणि ती तक्रार खरी आहे. इथे तर पाळी बदलली की दिवसाची रात्र होते. मोसंबीच्या आंबे बहाराचा ताण ऐन थंडीत तोडतात. बागेला पाणी तेव्हाच द्यावे लागते. मध्यरात्री वीज आली की एक जण बॅटरी घेऊन बांधावर, आणि घरातले उरलेले त्याच्या वाटेकडे डोळे लावून. साप-विंचवाची भीती, ओल्या हातांनी स्टार्टरला हात लावण्याची भीती, थंडी वेगळीच. सकाळी त्याच माणसाला पुन्हा कामावर उभे राहायचे असते. त्या रात्रीच्या झोपेचा हिशेब कुठल्याच वीजबचतीच्या गणितात धरलेला नसतो.

यावर उपायही माहीत आहे. शेतीच्या वाहिन्या सौरऊर्जेवर चालवून दिवसा वीज द्यायची, अशी योजना राज्याने २०१७ मध्ये आणली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू केला. काही शिवारांत त्यामुळे दिवसाची वीज आली आहे. जिथे ती अजून पोचलेली नाही तिथे कधी पोचणार, याची तारीख वाहिनीनिहाय जाहीर व्हावी. तोवर निदान बहाराच्या दिवसांत तरी फळबागांना दिवसाची पाळी आधी द्यावी. विजेला मर्यादा आहे हे मान्य; पण रात्रीचा वाटा नेहमी एकाच घराच्या पदरात का पडावा?

घड्याळ पुढे न्यायचे की मागे, यावर दिल्लीत आणि ब्रुसेल्समध्ये खुशाल चर्चा होऊ द्या. आपले काटे आहेत तिथेच बरे आहेत. मोसंबीच्या बागेला पाणी मात्र उजेडात मिळावे.