महापारेषणचा ताळेबंद आणि आपला सातबारा



विजेवरून आपलं भांडण होतं ते महावितरणशी. बिल त्यांचं, वायरमन त्यांचा, जोडणी तोडायला येणारा माणूसही त्यांचाच. पण वीज जिथं तयार होते ते केंद्र आणि आपल्या भागातलं उपकेंद्र, या दोहोंच्या मधे आणखी एक सरकारी कंपनी बसलेली आहे. तिचं नाव महापारेषण. ६ जून २००५ रोजी राज्य वीज मंडळाची वाटणी झाली आणि उंच मनोऱ्यांवरच्या तारा तिच्या वाट्याला आल्या. तिच्या वर्षाच्या हिशोबावर आपल्या सभेत कुणी बोलत नाही. आज आम्ही बोलणार आहोत.

आम्ही मावळातल्या वराळ्याची माणसं. आमचं पीक भात, तुमचं कापूस आणि ज्वारी. तरी आपला धागा जुना आहे. १९१५ साली लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून टाटांनी वीज केली आणि ती तारांवरून मुंबईच्या कापड गिरण्यांना नेली. पाणी मावळचं, कापूस शेतकऱ्याचा, आणि नफा गिरणीवाल्याचा.

कोणी म्हणेल, कोरडवाहू रानात ना विहीर ना मोटार, आमचा पारेषणाशी काय संबंध? घरचा दिवा, पिठाची गिरणी, गावची नळयोजना, कापसाचं जिनिंग, या सगळ्यांच्या बिलात पारेषणाचा खर्च आहे. बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार असे रकाने आहेत. पारेषणाचा रकाना मात्र नाही. तो पैसा दुसऱ्या आकारांच्या पोटात असतो. २०२४ साली सरकारनं साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली. पण फुकट काहीच नसतं. पंपवाल्याचं बिल सरकार भरतं आणि सरकारची तिजोरी तुम्हीआम्ही भरतो.

आता हिशोब बघा. महापारेषणला किती पैसा मिळावा हे बाजार ठरवत नाही, वीज नियामक आयोग ठरवतो. देखभाल आणि पगार, घसारा, कर्जावरचं व्याज, खेळत्या भांडवलाचं व्याज, सगळं धरायचं. त्यावर कंपनीनं घातलेल्या स्वतःच्या भांडवलावर परतावा द्यायचा. आयोगाच्या २०१५ च्या नियमांत हा परतावा साडेपंधरा टक्के होता. २०१९ च्या नियमांत मूळ १४ टक्के, आणि कामगिरी चांगली असेल तर वर दीड टक्क्यापर्यंत. मंजूर रकमेत मागंपुढं झालं तर नंतर हिशोब जुळवून घ्यायचा. म्हणजे कंपनीच्या ताळेबंदात जो नफा दिसतो, तो बराचसा आधीच नेमून दिलेला असतो.

आम्ही म्हणत नाही की हा परतावा बंद करा. तारा ओढायला भांडवल लागतं आणि भांडवलाला मोल असतं. आमचा सवाल एवढाच: हे मोल फक्त कंपनीच्या भांडवलाला का?

२०१८ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारनं खर्चाच्या दीडपट हमीभाव जाहीर केला. खर्च कोणता धरला? बी-बियाणं, खत, मजुरी असा रोखीचा खर्च आणि घरच्यांची मजुरी. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज त्यातून वगळलं. कंपनीला जे नियमानं मिळतं, नेमकं तेच आपल्या हिशोबातून गाळलं! शिवाय कंपनीचा दर आदेशानं वसूल होतो. आपला हमीभाव कागदावर राहतो आणि कापूस व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो.

मनोऱ्याचा न्याय तर याहून उफराटा आहे. इंग्रजांच्या १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार २००३ च्या वीज कायद्यानं पारेषणाच्या कामी दिले. त्या जोरावर मालकाच्या संमतीवाचून रानात मनोरे उभे राहिले. केंद्राच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के मोबदला होता. २०२४ साली तो २०० आणि ३० टक्के केला. वाढला, हे खरं. पण कोरडवाहू जमिनीची सरकारी किंमतच कमी, तिची दुप्पट होऊन होणार किती? आणि पैसा मिळतो एकदाच. तोच मोबदला कंपनीच्या प्रकल्प खर्चात धरला जातो आणि भांडवल म्हणून त्यावर ती वर्षानुवर्षं व्याज, घसारा आणि परतावा घेते. सातबारा आपल्या नावावर, औत मात्र मनोऱ्याला वळसा घालून!

कामगिरी मोजायची पद्धतही तशीच. वाहिनी वर्षातून किती वेळ सुरू राहिली यावर कंपनीला गुण. त्या वाहिनीतून आलेली वीज ज्वारीला पाणी द्यायच्या दिवशी पंपापर्यंत पोचली का, हा प्रश्न तिच्या गुणपत्रिकेत नाहीच.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. बिलावर पारेषणाचा आकार वेगळा छापा. मनोरा उभा आहे तोवर दरवर्षी भाडं द्या. आयोगाची सुनावणी जिल्ह्याजिल्ह्यात, मराठीतून घ्या. आणि कंपनीच्या खर्चात जे धरता ते शेतकऱ्याच्या खर्चातही धरा.

वीज कायद्याच्या ६४ व्या कलमानं दर ठरवण्याआधी लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घ्याव्याच लागतात. दरवाढीची जाहीर नोटीस निघाली की ती सभेत मोठ्यानं वाचा. गावागावातून हरकत जाऊ द्या. ज्यांच्या रानात मनोरा आहे त्यांनी सातबाऱ्याची नक्कल जोडावी. कंपनीचा ताळेबंद आयोग तपासतो. आपला ताळेबंद त्याच टेबलावर आपणच नेऊन ठेवला पाहिजे.